फोन उचलायचा कसा? गुगल फोन ॲपच्या नव्या रूपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपती आठवड्यावर आलेले असताना, असंख्य अँड्रॉइड फोनांवरचा कॉल घेण्याचा आणि लावण्याचा पडदा एकाएकी बदलला. आधी कुणी विचारलं नाही आणि नंतर कुणी समजावूनही सांगितलं नाही. तेव्हा उडालेला गोंधळ आता बराच निवळला आहे, पण प्रश्न थांबलेले नाहीत. कुणी नवा फोन घेतं, कुणी आपला जुना फोन आईला देतं आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

रात्री फोन नीट होता, सकाळी कॉलचा पडदाच वेगळा. फोन हॅक झालाय का?

नाही. तुमचा फोन कुणी ताब्यात घेतलेला नाही, कुणी कॉल ऐकत नाही, सिम कार्डालाही काही झालेलं नाही. तुमच्या फोनमध्ये कॉलसाठी गुगलचं ‘फोन’ नावाचं ॲप आहे आणि गुगलने त्याचं रूप बदललं, एवढंच घडलं आहे.

भीती वाटणं मात्र अगदी साहजिक आहे. गेली काही वर्षं आपण सगळ्यांना हेच सांगत आलो आहोत, की फोनमध्ये न सांगता काही बदललेलं दिसलं तर सावध व्हा. लोक सावध झाले. त्यांचं काही चुकलं नाही.

पण मी कुठलंच अपडेट टाकलं नव्हतं. मग हे आलं कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फोनमधलं सॉफ्टवेअर एकाच वाटेने बदलत नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीकडून येतं ते मोठं सिस्टीम अपडेट. ते उतरवायला वेळ लागतो, ‘आता इन्स्टॉल करू का?’ असं विचारलं जातं, फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अपडेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच येतं. दुसरी वाट प्ले स्टोअरची. तिथून एकेक ॲप स्वतंत्रपणे अद्ययावत होत असतं आणि बहुतेकांच्या फोनवर हे आपोआप होतं, बरेचदा रात्री, फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असताना.

तिसरी वाट डोळ्यांना दिसतच नाही. नवं रूप ॲपच्या आत आधीच येऊन बसलेलं असतं, पण झाकलेलं. कंपनी आपल्या सर्व्हरवरून ते टप्प्याटप्प्याने उघडते: आज काही फोनांवर, उद्या आणखी काही. ऑगस्टमध्ये हेच झालं. म्हणून एकाच घरात, एकाच मॉडेलच्या दोन फोनांपैकी एक बदलला आणि दुसरा दोन दिवस तसाच राहिला. म्हणूनच कुणाला कुठलंही बटण दाबल्याचं आठवत नव्हतं. आठवणार कसं, दाबलंच नव्हतं.

नेमकं काय काय बदललं?

आधी खाली ‘फेव्हरिट्स’, ‘रीसेंट्स’ आणि ‘काँटॅक्ट्स’ असे वेगवेगळे कप्पे होते. आता फेव्हरिट्स आणि रीसेंट्स एकत्र करून त्यांचा ‘होम’ झाला आहे. वर तुमची नेहमीची माणसं गोल चित्रांच्या रांगेत दिसतात, खाली आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी. नंबर दाबायचा कीपॅड पूर्वी कोपऱ्यात तरंगणाऱ्या बटणामागे असायचा, त्याला आता स्वतःचा कप्पा मिळाला आहे. हा बदल मला चांगला वाटला. नंबर पाठ असणाऱ्यांना आणि हाताने दाबून फोन लावणाऱ्यांना तो सोयीचा आहे.

काँटॅक्ट्स मात्र खालच्या पट्टीतून गेले. वरच्या शोधपट्टीत डावीकडे तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबल्या की आत सापडतात. माझ्या मते इथे चूक झाली आहे. नावांची यादी रोज लागते, तिला सेटिंग्जच्या शेजारी नेऊन बसवायला नको होतं. उपाय सोपा आहे: गुगलचं ‘काँटॅक्ट्स’ हे वेगळं ॲप बहुतेक फोनांमध्ये असतंच, त्याचं चिन्ह फोनच्या पहिल्या पानावर आणून ठेवा.

बोलत असतानाचा पडदाही बदलला. म्यूट, स्पीकर, कीपॅड ही बटणं मोठी आणि लांबट गोल झाली, दाबल्यावर त्यांचा आकार बदलतो. कॉल संपवायचं लाल बटण बरंच मोठं झालं. रंग तुमच्या वॉलपेपरवरून घेतले जातात.

आणि सगळ्यात मोठा बदल कॉल घेण्याच्या पद्धतीत झाला.

कॉल आला की वर ओढायचं, ही सवय आहे. आता आडवं का ओढायला लावतात?

पूर्वी वर ओढलं की कॉल घेतला जायचा, खाली ओढलं की कापला जायचा. आता मध्ये एक आडवी पट्टी येते. उजवीकडे ओढलं तर कॉल घेतला जातो, डावीकडे ओढलं तर नाकारला जातो.

गुगलचं कारण असं, की खिशातून फोन काढताना बोट लागून नकळत कॉल घेतला किंवा कापला जायचा, ते आडव्या पट्टीमुळे टळेल. कारण खोटं नाही. फोन खिशातून वरच्या दिशेने निघतो, अंगठा काचेवर असतो, त्यामुळे वर-खाली ओढण्यात ही अडचण होतीच.

पण या हिशोबात हाताची सवय धरलेली नाही. फोन वाजतो तेव्हा माणूस पडदा वाचत नाही. एखाद्या सत्तरीतल्या आजींचा हात पाहा: डाव्या हाताच्या तळव्यावर फोन सपाट धरलेला, चष्मा कपाळावर आणि उजव्या हाताची तर्जनी काचेवर खालून वर जाते. काही होत नाही. पुन्हा वर, जरा जोर लावून. फोन वाजतच राहतो. तिसऱ्या वेळी बोट तिरकं जातं, पट्टी डावीकडे सरकते आणि मुलीचा कॉल कापला जातो. पलीकडे मुलीला वाटतं, आईने फोन कट का केला? आजींना वाटतं, आपल्यालाच फोन वापरता येईनासा झाला. या दुसऱ्या वाक्याने मला फार त्रास होतो, कारण ते खरं नाही. त्यांना फोन वापरता येत होता. काल येत होता.

त्यात ऑगस्ट म्हणजे पावसाचे दिवस. काचेवर पाण्याचे थेंब असले की कुठलंही ओढणं धड होत नाही, आणि नवखं ओढणं तर नाहीच.

वर ओढायची जुनी पद्धत सेटिंगमधून परत मिळते का?

ती मिळत नाही, पण पट्टीऐवजी साधी बटणं मिळतात आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. फोन ॲप उघडा, शोधपट्टीतल्या तीन रेघा दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि ‘इनकमिंग कॉल जेश्चर’ शोधा. तिथे दोन पर्याय आहेत: ‘हॉरिझाँटल स्वाइप’ आणि ‘सिंगल टॅप’. दुसरा निवडला की कॉल आल्यावर ‘आन्सर’ आणि ‘डिक्लाइन’ अशी दोन बटणं दिसतात. ओढायचं काही नाही, फक्त दाबायचं.

कुणी कुठलं निवडावं? हात थरथरत असेल, दिसायला कमी असेल, बोटांत जोर नसेल, तर सिंगल टॅप, दुसरा विचार नको. फोन शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात ठेवून दिवसभर हिंडणाऱ्यांनी मात्र आडवी पट्टीच ठेवावी, कारण बटण चुकून दाबलं जाणं पट्टी चुकून सरकण्यापेक्षा सोपं आहे.

एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हा पूर्ण पडदा फोन लॉक असताना येतो. तुम्ही फोनवर काही पाहत असताना कॉल आला तर वर छोटी पट्टी येते आणि तिच्यावर आधीपासूनच बटणं असतात. म्हणून ‘कधी असं दिसतं, कधी तसं’ ही तक्रार बरोबर आहे, आणि तो बिघाड नाही.

जुनं रूप पूर्णपणे परत आणायचं आहे. कसं आणू?

फोन ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’ उघडा, उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडा. ॲप फोन विकत घेताना होतं त्या आवृत्तीवर जाईल. वनप्लसनेही त्या दिवसांत एक्सवर तक्रार करणाऱ्या ग्राहकांना हा बदल गुगलच्या ॲपमधला असल्याचं सांगून हाच मार्ग सुचवला होता.

करण्यापूर्वी पडद्यावर येणारी सूचना वाचा. ॲपमधली माहिती पुसली जाईल, असं ती सांगते. तुमचे काँटॅक्ट आणि कॉलची यादी फोनमध्ये वेगळीकडे साठवलेली असते, ती राहते. पण ॲपमध्ये तुम्ही केलेल्या सेटिंग्ज जातात आणि या ॲपने रेकॉर्ड केलेले कॉल असतील तर तेही जाऊ शकतात. एखाद्या व्यवहाराचं किंवा आता नसलेल्या माणसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग त्यात असेल, तर आधी ते शेअर करून दुसरीकडे ठेवा. मगच पुढचं बटण दाबा.

आणि हे काम दोन मिनिटांचं आहे. यासाठी दुकानात पैसे मोजू नका, फोन ‘फॉरमॅट’ तर अजिबात करून घेऊ नका. या एका पडद्यापायी फोटो आणि व्हॉट्सॲपचं बॅकअप न घेता फोन कोरा करणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

जुनं आणलं, चार दिवसांत नवं परत आलं!

कारण प्ले स्टोअरने ते पुन्हा अपडेट केलं. प्ले स्टोअरमध्ये ‘फोन बाय गुगल’चं पान उघडा, वरच्या तीन ठिपक्यांत ‘एनेबल ऑटो-अपडेट’समोरची खूण काढा. फक्त या एका ॲपची काढा, सगळ्यांची नको. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपना अपडेट वेळेवर मिळणं गरजेचं असतं.

तरीही मी हा कायमचा उपाय म्हणणार नाही. जुन्या आवृत्तीत राहिलेले दोष दुरुस्त होत नाहीत, स्पॅम ओळखण्यातल्या सुधारणा मिळत नाहीत आणि कधी ना कधी पुढे जावंच लागतं. घरातल्या माणसाला सरावाला थोडा वेळ हवा असेल, तर तेवढ्यापुरतं जुनं ठेवा. ज्यांना सिंगल टॅपने भागतं त्यांनी नव्यावरच राहावं.

दुसरं कुठलं कॉलचं ॲप टाकलं तर?

चालेल. अँड्रॉइडमध्ये कॉलसाठी कुठलं ॲप वापरायचं हे ठरवायचा हक्क तुम्हाला आहे. सेटिंग्ज, ॲप्स, ‘डीफॉल्ट ॲप्स’, ‘फोन ॲप’ या वाटेने तो बदलता येतो. काही फोनांत कंपनीचं स्वतःचं डायलर, म्हणजे कॉल लावायचं ॲपही आधीपासून असतं, ते इथे दिसतं का ते पाहा.

पण ज्या ॲपला हे काम देता त्याला तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळ बोलता हे सगळं दिसतं, शिवाय नावांची पूर्ण यादीही. म्हणून प्ले स्टोअरवर पहिलं दिसलं ते उचललं, असं इथे करू नये. आणि व्हॉट्सॲपवर ‘जुना डायलर परत मिळवा’ म्हणून फिरणारी एपीके फाइल (प्ले स्टोअरला वगळून ॲप टाकायची फाइल) कोणत्याही परिस्थितीत टाकू नका, ती पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्यालाही कुणीतरी पाठवलेलीच असते.

माझ्या भावाच्या फोनवर यातलं काहीच झालं नाही. असं का?

बहुधा त्याचा फोन सॅमसंगचा असेल. सॅमसंग आपलं स्वतःचं कॉलचं ॲप देते. मोटोरोला, शाओमी, रिअलमी, ओप्पो, वनप्लस यांच्या कित्येक मॉडेलांवर आणि गुगलच्या पिक्सेलवर गुगलचं ॲप असतं, म्हणून तिथे बदल दिसला. फोन कुठल्या कंपनीचा यापेक्षा आत कुठलं ॲप आहे, हे इथे महत्त्वाचं.

बदल करण्यापूर्वी गुगलने लोकांना विचारलं नव्हतं का?

विचारलं होतं, आणि भरपूर. या नव्या धाटणीला गुगल ‘मटेरिअल ३ एक्स्प्रेसिव्ह’ म्हणतं. मे २०२५ मध्ये ती जाहीर झाली. तिच्यामागे ४६ अभ्यास आणि १८,००० हून अधिक सहभागी असल्याचं गुगलने सांगितलं आहे, आणि नव्या मांडणीत महत्त्वाचं बटण चौपटीपर्यंत लवकर नजरेला पडतं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मला या आकड्यांवर शंका घ्यायची नाही. पण बटण किती लवकर दिसतं हा एक प्रश्न झाला, आणि वर्षानुवर्षांची हालचाल एका रात्रीत सोडायला लावल्यावर माणसाचं काय होतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर घराघरांत, फोन वाजत असताना मिळतं. माझं म्हणणं इतकंच आहे, की कॉल घेणं हे फोनचं पहिलं काम आहे. त्याची पद्धत बदलायची तर पहिल्याच वेळी एक पडदा दाखवावा: ‘पद्धत बदलली आहे. ओढून घ्यायचा की दाबून? की जुनंच ठेवायचं?’ तीन बटणं, आणि ती मराठीतसुद्धा. सिंगल टॅपचा पर्याय ॲपमध्ये आहेच. तो समोर मांडला असता तर अर्ध्या तक्रारी झाल्याच नसत्या.

मग याला बग म्हणायचं का?

नाही. हे ठरवून केलेलं आहे. आवडलं नाही म्हणून तो बिघाड होत नाही, आणि हा फरक तक्रार करताना उपयोगी पडतो.

कॉलच्या बाबतीत खरा बिघाड कसा असतो, याचं एक उदाहरण देते. डिसेंबर २०२१ मध्ये गुगलने मान्य केलं, की अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या काही फोनांवरून आपत्कालीन नंबर लागत नव्हता. अमेरिकेतल्या एका पिक्सेल वापरणाऱ्याला ९११ लागला नव्हता. कारण विचित्र होतं: फोनमध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ऑफिसच्या मीटिंगांचं ॲप होतं, पण त्यात लॉग-इन केलेलं नव्हतं. त्या ॲपची आणि अँड्रॉइडची गाठ अशी काही पडली, की कॉल जाईना. दुरुस्ती जानेवारी २०२२ मध्ये आली. असलं काही आढळलं तर ते त्याच दिवशी कळवायचं असतं. पट्टी आडवी झाली ही तक्रार वेगळी; ती जरूर करा, पण नापसंती म्हणून करा.

आयफोनवाल्यांची यातून सुटका झाली का?

त्यांची पाळी महिन्याभरात आली. आयफोनची नवी सिस्टीम, आयओएस २६, १५ सप्टेंबर २०२५ ला आली. ‘लिक्विड ग्लास’ या काचेसारख्या पारदर्शक रूपावरून तिथेही दोन तट पडले. अक्षरं मागच्या चित्रात बुडतात, ही मुख्य तक्रार होती. त्यांच्याही फोन ॲपमध्ये फेव्हरिट्स आणि अलीकडचे कॉल एकत्र आणणारी नवी मांडणी आली.

फरक असा, की ॲपलने फोन ॲपमध्ये ‘क्लासिक’ म्हणून जुनी मांडणी निवडायची सोय ठेवली. आणि ३ नोव्हेंबरला आलेल्या २६.१ मध्ये काच कमी पारदर्शक करणारा ‘टिंटेड’ पर्यायही दिला. तो पर्याय पहिल्याच दिवशी हवा होता हे खरं, पण लोक बोलले आणि सात आठवड्यांत सेटिंग मिळालं. म्हणजे बोलण्याचा उपयोग होतो.

आई-बाबा गावी आहेत. लांबून कसं समजावू?

शेजारचं कुणी असेल तर आधी त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल लावा, म्हणजे बाबांच्या फोनचा पडदा तुम्हाला पाहता येईल. एकदम पाच गोष्टी सांगू नका. सिंगल टॅप चालू करून द्या, मग लगेच साधा कॉल लावा आणि त्यांना घ्यायला सांगा. ठेवा. पुन्हा लावा. एकदा फोन लॉक असताना, एकदा चालू असताना. बोटाला आठवण बसेपर्यंत हा सराव करा आणि घाई अजिबात करू नका. व्हॉट्सॲपच्या कॉलचा पडदा वेगळा आहे, या सेटिंगने तो बदलत नाही, हेही सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा गोंधळ होईल.

फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘पॉवर बटन एंड्स कॉल’ अशी सोय असते, ती चालू केली की बाजूचं बटण दाबून कॉल संपवता येतो. वयस्कर माणसांना ती फार आवडते, कारण बोटाला बटण लागतं. अवेळी वाजणारा फोन गप्प करायला आवाजाचं बटण एकदा दाबलं की पुरे, त्याने कॉल कापला जात नाही.

आणि हे आवर्जून सांगा: ‘तुमच्या फोनची स्क्रीन पूर्ववत करून देतो’ म्हणून कुणी अनोळखी माणूस फोन करून एखादं ॲप टाकायला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगत असेल, तर बोलणं तिथेच थांबवायचं. गुगल किंवा मोबाइल कंपनी असे फोन करत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं.

माझी नापसंती गुगलपर्यंत पोचवायची कुठे?

फोन ॲपच्या तीन रेघांमध्ये ‘हेल्प अँड फीडबॅक’ आहे, तिथून थेट लिहिता येतं. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावरही परीक्षण लिहिता येतं. नुसतं ‘बेकार अपडेट’ लिहून एक तारा देण्यापेक्षा फोनचं मॉडेल, वापरणाऱ्याचं साधारण वय, काय करायला गेल्यावर काय झालं आणि नेमकं काय हवं, हे चार ओळींत लिहा. मराठीत लिहा. आपल्या भाषेतून तक्रारी गेल्याच नाहीत, तर आपले लोक हे ॲप मराठीत वापरतात हे तिकडे कुणाला कळणार?